"मी नसते आले तरी काही फरक पडला नसता": मेळाव्याला आलेल्यांना उपरं वाटू नये म्हणून काय करायचं?

पत्र:

ताई, घरच्या घरी बाग करणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे. वर्षातून एकदा दिवसभराचा मेळावा भरवतो, साधारण ऐंशी माणसं येतात. तीन वक्ते असतात, मध्ये सुट्टी, शेवटी प्रश्नोत्तरं. प्रश्न विचारणारे दरवर्षीचेच पाच-सहा जण. सुट्टीनंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतात. गेल्या वर्षी मी मुद्दाम सुरुवातीला ओळखीचा खेळ ठेवला, प्रत्येकाने उभं राहून स्वतःबद्दल एक गंमतशीर गोष्ट सांगायची. लोक इतके अवघडले की दोघंतिघं चक्क बाहेर जाऊन उभे राहिले. नंतर फीडबॅक फॉर्मवर एकीने लिहिलं, "कार्यक्रम छान होता, पण मी नसते आले तरी काही फरक पडला नसता." ते वाक्य डोक्यातून जातच नाहीये. आमच्यातले जुने लोक म्हणतात, लोकांनाच हौस नाही, आपण काय करणार. मला ते पटत नाही. यंदा काय करू? जबरदस्ती न करता लोकांना सामील कसं करून घ्यायचं? आणि जे मुळातच लाजाळू आहेत त्यांचं काय?

उत्तर:

अगं, ते वाक्य डोक्यातून जात नाहीये तर जाऊ देऊच नकोस, कारण तुझ्या सगळ्या प्रश्नांची किल्ली त्यातच आहे. ती बाई काय म्हणतेय ते नीट बघ. कंटाळा आला असं म्हणत नाहीये, वक्ते वाईट होते असंही नाही, उलट छान होता म्हणतेय. तिचं म्हणणं एवढंच की तिच्या असण्या-नसण्याने तिथे काहीच बदललं नाही. आणि ते खरंच आहे ना? तीन वक्ते जे बोलले ते ती आली नसती तरी तेच बोलले असते.

म्हणून आधी एक कर, यंदाचा कार्यक्रम कागदावर लिहून काढ आणि प्रत्येक ओळीपुढे स्वतःला विचार, या ऐंशी जणांच्या जागी दुसरेच कुणी ऐंशी जण येऊन बसले असते तर इथे काय वेगळं झालं असतं? उत्तर "काही नाही" असं आलं तर तो भाग म्हणजे नुसता बघण्याचा कार्यक्रम झाला. बघण्याचा कार्यक्रम वाईट नसतो, चांगला वक्ता ऐकायला मलाही आवडतं, पण दिवसभर तेवढंच असेल तर मग लोक प्रेक्षकासारखे वागतात आणि नंतर आपण त्यांना नावं ठेवतो की सामील होत नाहीत. सामील व्हायला जागाच ठेवली नव्हती तर ते होणार कुठे?

तुमच्या जुन्या लोकांचं "हौस नाही" हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. हौस नसती तर सुट्टीचा दिवस मोडून ऐंशी माणसं आली असती का? आणि मधल्या सुट्टीत बघ, सकाळी अंग चोरून बसलेली तीच माणसं कुंड्या, माती, किडी असल्या विषयांवर हातवारे करकरून बोलत असतात. हे काही तुमच्याच मेळाव्यात होतं असं नाही. हॅरिसन ओवेन नावाच्या गृहस्थांनी १९८३ मध्ये एक मोठी परिषद भरवली, तयारीत वर्ष गेलं, आणि संपल्यावर सगळ्यांचं, अगदी त्यांचं स्वतःचंसुद्धा, एकमत झालं की सगळ्यात कामाचं बोलणं झालं ते मधल्या सुट्टीत. त्यांनी लोकांना दोष नाही दिला, कार्यक्रमच बदलला. १९८५ मध्ये त्याच परिषदेसाठी त्यांनी वेगळाच घाट घातला, खुर्च्या गोलात, कार्यक्रमपत्रिका कोरी, ज्याला ज्या विषयावर बोलायचंय त्याने तो कागदावर लिहून भिंतीवर लावायचा आणि ज्याला त्यात रस आहे त्याने तिथे जायचं. ओपन स्पेस म्हणून ही पद्धत आता जगभर वापरतात. त्यातलं थोडंसं तुलाही उपयोगी पडेल, खाली सांगते.

त्याआधी तो ओळखीचा खेळ. तुझा हेतू शंभर टक्के चांगला होता आणि लोक अवघडले म्हणून तू मनाला लावून घेऊ नकोस, पण तो का फसला हे कळायला हवं, नाहीतर यंदा त्याच्याऐवजी दुसरा खेळ शोधशील आणि तोही तसाच जाईल. ऐंशी अनोळखी लोकांसमोर एकट्याने उभं राहायचं, वर गंमतशीर काहीतरी सांगायचं, म्हणजे बोलायचं तर आहेच शिवाय हसवायचंही आहे, आणि त्या सांगण्याचा पुढे दिवसभरात कशालाच उपयोग नाही. ज्यांना बोलायची सवय आहे त्यांना यात काहीच वाटत नाही, पण ज्यांना तू सामील करून घ्यायला बघत होतीस नेमकी तीच माणसं कानकोंडी झाली. आपली पाळी यायची वाट बघत बसलेल्या माणसाला बाकी कुणाचं काही ऐकूही येत नाही, तो मनातल्या मनात स्वतःचं वाक्य घोकत असतो. ऐंशी जणांनी प्रत्येकी अर्धा मिनिट घेतलं तरी चाळीस मिनिटं गेली, आणि शेवटी नाव एकाचंही लक्षात नाही.

तर भीड चेपायची असेल तर खेळ नको, काम दे. खरं काम, छोटं, जमेल असं, आणि जे केल्याशिवाय कार्यक्रम पुढे सरकणारच नाही असं. आणि सुरुवात मेळाव्याच्या दिवशी नाही, नाव नोंदवतानाच कर. नोंदणीच्या फॉर्ममध्ये दोनच प्रश्न जास्तीचे घाल, "तुमच्या बागेतली सध्या न सुटलेली एक अडचण कोणती?" आणि "तुम्हाला नीट जमलेली एक गोष्ट कोणती, छोटीशी चालेल." कुणी लिहील पानं पिवळी पडतात, कुणी लिहील खिडकीत ऊनच येत नाही, कुणी लिहील गावाला गेलं की झाडं मरतात. दुसऱ्या प्रश्नाला बरेच जण लिहितील "विशेष काही नाही", त्यांना एक साधा मेसेज टाक की "अहो, मागच्या फोटोत तुमचा पुदिना इतका छान दिसत होता, त्याबद्दल लिहा ना". एवढं करायला वेळ जातो हे मान्य, पण सामील करून घेणं म्हणतात ते इथेच घडतं, दरवाज्याशी स्वागताचा फलक लावून नाही.

आता महत्त्वाचं, विचारलंस तर वापर. लोकांना विचारायचं आणि मग त्या उत्तरांचं काहीच करायचं नाही हे न विचारण्यापेक्षा वाईट, कारण मग पुढच्या वेळी कुणी लिहीतच नाही. या अडचणी वक्त्यांना आठवडाभर आधी पाठव आणि स्पष्ट सांग की यातल्या निदान पाच तुमच्या बोलण्यात आल्या पाहिजेत, "एकांनी विचारलंय की" असं म्हणून. बाकीच्या मोठ्या अक्षरात कागदांवर लिहून हॉलच्या एका भिंतीवर लाव, प्रत्येक अडचणीखाली भरपूर कोरी जागा, शेजारी पेनं. सकाळी आलेला माणूस भिंतीपाशी जातो, आपली अडचण तिथे बघतो आणि खाली कुणीतरी आधीच दोन ओळी लिहिलेल्या असतात. आणि शेजारच्या अडचणीचं उत्तर त्याला स्वतःला माहीत असतं, मग तो पेन उचलतो. त्याने तोंडातून एक शब्द काढलेला नाही, पण आता त्याच्या येण्याने फरक पडलेला आहे, कागदावर दिसतोय.

व्हॉलंटियरची कामं वाटतानाही हेच. दरवर्षी सगळं तुम्ही पाचसहा जणीच करत असणार, आणि "पाहुण्यांना कशाला त्रास" हा विचार असणार. पाहुणा म्हटलं की माणूस पाहुण्यासारखाच वागतो. मायकेल नॉर्टन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमध्ये असं दिसलं होतं की लोकांना स्वतःच्या हाताने जोडलेली, घड्या घालून केलेली साधी वस्तूसुद्धा जास्त मोलाची वाटते, पण एका अटीवर, ते काम पुरं झालं पाहिजे, अर्धवट राहिलं तर तो जिव्हाळा राहत नाही. म्हणून कामं अशी दे जी त्या दिवशीच संपतात. एकाने भिंतीवरचे फोटो काढायचे, एकीने वेळ बघायची, दोघांनी रोपांची अदलाबदल सांभाळायची, एकाने ऑनलाइन जोडलेल्यांचे प्रश्न वाचून दाखवायचे. आणि "कुणी मदत करेल का" असं ग्रुपवर टाकू नकोस गं, त्यावर कुणीच हात वर करत नाही, प्रत्येकाला वाटतं दुसरा करेल. नाव घेऊन विचार, काम नेमकं सांग, किती वेळ लागेल तेही सांग, आणि नाही म्हणाले तर कारण विचारू नकोस.

आता दरवाजा. मला वाटतं आख्ख्या दिवसातली सगळ्यात नाजूक वेळ म्हणजे नवीन माणूस आत आल्यानंतरची पहिली पाच-दहा मिनिटं, आणि नेमकं तेव्हा आयोजक माईकच्या मागे धावत असतात. त्या नवीन आलेल्या बाईच्या जागी उभी राहून बघ. ती वेळेच्या थोडी आधीच पोचलीय कारण उशीर नको, टेबलावर सही केली, कुणीतरी न बघताच "बसा ना" म्हणालं. हॉलमध्ये चारचार जणांचे घोळके, सगळे वर्षानुवर्षांचे ओळखीचे, आणि तिला दिसतायत फक्त पाठी. ती एका घोळक्याच्या कडेला जाऊन क्षणभर उभी राहते, कुणी सरकत नाही, मुद्दाम नव्हे, त्यांचं लक्षच नाही, मग ती जणू काही आठवल्यासारखी पर्समधून फोन काढते आणि शेवटून दुसऱ्या ओळीत कडेची खुर्ची पकडते. पुढचा सगळा दिवस तिचा तिथून जाणार. आता स्टेजवरून कितीही गोड आवाजात "आपलाच कार्यक्रम समजा" म्हटलं तरी तिला ते शिरत नाही.

यावर एक अगदी सोपा नियम आहे, एरिक होल्शर या सॉफ्टवेअरवाल्या गृहस्थांनी सुचवलेला, त्याला पॅकमॅनचा नियम म्हणतात. त्या जुन्या व्हिडिओ गेममधला उघड्या तोंडाचा पिवळा गोल आठव, घोळक्यात उभं राहताना गोल कधी पूर्ण बंद करायचा नाही, एका माणसाची जागा कायम मोकळी ठेवायची. कुणी आलं की त्याला घ्यायचं आणि परत एक जागा मोकळी करायची. हे आदल्या दिवशी ग्रुपवर टाक, आणि सकाळी पुन्हा सांग. जुन्या लोकांना हे एकदा कळलं की ते करतात, त्यांना तेवढं सुचलेलं नसतं इतकंच. शिवाय दरवाज्याशी दोन माणसं अशी ठेव ज्यांना दुसरं काहीही काम नाही, त्यांनी फक्त एकट्या आलेल्या माणसाला भिंतीपर्यंत सोबत न्यायचं आणि आणखी एका माणसाशी गाठ घालून द्यायची, "यांचा पण तुमच्यासारखाच खिडकीत ऊन नसण्याचा प्रश्न आहे" असं म्हणून. नावाच्या बिल्ल्यावर नावाखाली एक ओळ मोकळी ठेव, "मला विचारा:" आणि पुढे त्यांनीच लिहायचं, गांडूळखत, गुलाबाची छाटणी, काहीही. ओळख काढायला निमित्त मिळालं की कुणीही बोलतं.

खुर्च्यांबद्दल. ओळीत मांडल्या तर समोरच्याच्या डोक्याशिवाय काही दिसत नाही, मग लोक आपसात बोलणार कसे. पाचसहा जणांची टेबलं कर, किंवा टेबलं नसतील तर खुर्च्यांचे छोटे अर्धगोल, स्टेजकडे तोंड उघडं ठेवून. ऐंशी माणसं आली तरी माणूस बोलतो ते पाचांत, ऐंशीत नाही.

आणि आता प्रश्नोत्तरं, कारण तुझं खरं दुखणं तिथे आहे. तीन वक्त्यांचे तास संपल्यावर शेवटी दहा मिनिटं उरतात, सूत्रसंचालक म्हणतो "काही प्रश्न?" आणि हॉल बघतो. एक सेकंद, दोन सेकंद, कुणी हलत नाही, शांतता त्यालाच सहन होत नाही, तो "नाही? बरं, मग" म्हणेपर्यंत पुढच्या ओळीतला नेहमीचा हात वर येतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं. मेरी बड रो या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात शाळांच्या वर्गांत हेच मोजलं होतं, प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी सेकंदभरच थांबत, आणि तेच तीन सेकंदांच्या वर थांबले तर उत्तरं मोठी येत, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलत. मोठ्या माणसांना तर मी म्हणेन त्याहून जास्त वेळ लागतो, कारण प्रश्न सुचायचा असतो, शब्दांत बसवायचा असतो आणि वर हे विचारलं तर लोक हसतील का हेही बघायचं असतं.

म्हणून "काही प्रश्न?" हे वाक्यच काढून टाक. त्याऐवजी वक्त्याला वीस-पंचवीस मिनिटं दे आणि लगेच म्हण, "आता एक मिनिट कुणीच बोलायचं नाही, तुमच्या घरी यातलं काय जमेल आणि कुठे अडेल ते कागदावर लिहा." मग दोन-तीन मिनिटं शेजारच्याशी बोला. मग टेबलावर सगळे मिळून एकच प्रश्न ठरवा, आणि तो टेबलाचा प्रश्न म्हणून विचारा. आधी एकट्याने, मग जोडीने, मग सगळ्यांत, ही पद्धत फ्रँक लायमन या शिक्षणतज्ज्ञांनी १९८१ मध्ये वर्गासाठी मांडली होती, आणि मोठ्यांच्या कार्यक्रमात तर ती आणखीच उपयोगी पडते असं माझं ठाम मत आहे. कारण बघ, मुखदुर्बळ माणसाला एका शेजाऱ्याशी बोलणं जड जात नाही, आणि ऐंशी जणांसमोर जाणारा प्रश्न आता त्याचा एकट्याचा राहिलेला नाही, हसलंच कुणी तर टेबलाला हसेल. लिहायचं ते मिनिट मात्र गाळू नकोस, लोकांना ते फालतू वाटतं पण नाही. डील आणि श्ट्रोब या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये दाखवलं होतं की गटाने एकत्र बसून कल्पना काढल्या तर त्या तेवढ्याच माणसांनी एकेकट्याने काढलेल्यांपेक्षा कमी निघतात, मुख्य कारण काय तर एक बोलत असताना बाकीचे थांबून राहतात आणि त्यात त्यांचं सुचलेलं निसटून जातं. आधी लिहिलं की निसटत नाही, आणि सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसाचं मत बाकीच्यांच्या मतावर स्वार होत नाही.

पहिला प्रश्न कुणाचा घ्यायचा हेही नशिबावर सोडू नकोस. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा देशांतल्या जवळपास अडीचशे शैक्षणिक व्याख्यानांना बसून कोण प्रश्न विचारतं याची नोंद केली होती. एक तर तिथे पुरुषांच्या मानाने बायका खूपच कमी प्रश्न विचारत होत्या, आणि पहिला प्रश्न पुरुषाने विचारला तर पुढेही बायकांचे प्रश्न त्या मानाने कमीच येत होते. तुमच्याकडे प्रश्न बाई-पुरुषाचा नसेल, जुन्या-नव्याचा असेल, पण पहिला बोलणारा पुढचा रंग ठरवतो ही गोष्ट मला पटते. तर पहिलं टेबल ते घे जिथे नवे लोक जास्त आहेत, आणि सूत्रसंचालकाला हे आधीच सांगून ठेव.

माईकचं एक सांगायचंय. "माझा आवाज मोठा आहे, मला माईक लागत नाही" असं म्हणणारे प्रत्येक हॉलमध्ये दोघं तरी असतात, त्यांना प्रेमाने पण ठामपणे माईक हातात दे. ज्यांना कमी ऐकू येतं ते कधीच हात वर करून सांगत नाहीत की ऐकू आलं नाही, ते फक्त मान हलवत राहतात आणि सुट्टीत काढता पाय घेतात. स्टेजवर चढायला पायऱ्याच असतील तर स्टेजचा हट्ट सोड, सगळ्यांनी खालीच उभं राहून बोलावं, म्हणजे व्हीलचेअरवरच्या किंवा गुडघे दुखणाऱ्या माणसालाही "तुम्ही तिथूनच बोला" असं ऐकावं लागत नाही. हे वेगळे मुद्दे नाहीत बरं, सामील होणं म्हणजे आधी पोचता येणं, ऐकू येणं आणि दिसणं.

तुमचे ते दरवर्षीचे पाच-सहा जण. त्यांना शत्रू समजू नकोस, इतकी वर्षं प्रश्नोत्तरांचा सगळा भार त्यांनीच उचललाय. त्यांना गप्प बसा असं सांगितलंस तर दुखावतील आणि बरोबरच आहे. त्यांना काम दे, एकेका टेबलाचं यजमानपद, आणि यजमानाचं काम काय तर स्वतः बोलायचं नाही, टेबलावर सगळे बोलतील असं बघायचं आणि जे बोललं जाईल ते लिहून घ्यायचं. ज्याच्या हातात लिहिण्याचं काम आहे त्याला आपोआप ऐकावं लागतं. त्यांना हे विचारताना खरं कारण सांग, "तुम्हाला इतकं येतं म्हणूनच नव्या लोकांना धीर द्यायला तुम्ही लागता." ही खोटी स्तुती नाहीये, खरंच लागतात ते. "लोकांना हौस नाही" म्हणणाऱ्यांनाही हेच काम दे, भाषणाने त्यांचं मत बदलणार नाही, टेबलावर तासभर बसले की लोकांची हौस त्यांनाच दिसेल.

सुट्टीनंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतात ना, तिथे ते ओपन स्पेसचं थोडंसं आण. दुपारचा सव्वा तास मोकळा ठेव, वक्ता नाही. सुट्टीच्या आधी सांग की भिंतीवरच्या ज्या अडचणींखाली सगळ्यात जास्त लिहिलं गेलंय अशा सहा घेऊन दुपारी सहा टेबलं लागणार, ज्याला जिथे बसायचं तिथे बसा, आणि कुणाला सातवा विषय हवा असेल तर कागदावर लिहून रिकाम्या टेबलावर ठेवा. आणि ओवेन यांचा दोन पायांचा नियम मोठ्याने वाचून दाखव, की जिथे तुम्हाला काही मिळत नाहीये आणि तुम्हीही काही देत नाही आहात तिथून उठा, दुसरीकडे जा, कुणी वाईट वाटून घ्यायचं नाही. उठायची मोकळीक दिली की लोक पळतील अशी भीती वाटते, पण आत्ता ते पळतायतच की, फक्त घरी पळतायत. हॉलमध्येच दुसरीकडे जायची सोय झाली तर घर कशाला गाठतील.

फोनवरचे पोल, क्यूआर कोड वगैरेबद्दल तू विचारलं नाहीस पण कुणीतरी सुचवेलच. वाईट नाहीत, एखादा ठेव, पण बटण दाबणं म्हणजे सहभाग असं समजू नकोस. त्या आकड्यावरून पुढे काही ठरणार असेल, म्हणजे वक्ता त्यावरून विषय बदलणार असेल, तरच विचार.

आता लाजाळू लोक. तुझ्या पत्रातला हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण सहभाग सहभाग करताना हीच माणसं भरडली जातात. बोलणं म्हणजेच सहभाग हे आधी डोक्यातून काढ. भिंतीवर उत्तर लिहिणारा, रोपं मांडणारा, टेबलावर गप्प बसून मन लावून ऐकणारा आणि घरी जाऊन करून बघणारा, हे सगळे सामील आहेत. काही माणसं पहिलं वर्ष नुसती बघतात, दुसऱ्या वर्षी एखादं काम घेतात आणि मग बोलायला लागतात, त्यांना कडेला बसू देणं हासुद्धा त्यांना घेणंच आहे. तर प्रत्येक गोष्टीला न करण्याची वाट ठेव आणि ती आधीच, सगळ्यांसमोर सांगून टाक, "बोलायचं नसेल तर लिहा, लिहायचं नसेल तर नुसतं ऐका, कुणी कारण विचारणार नाही." आणि मग खरंच विचारू नका. एखाद्याचं नाव घेऊन "अहो तुम्ही बोला ना, तुम्ही काहीच बोलला नाहीत" असं सगळ्यांदेखत म्हणणं हे मायेने केलं तरी त्या माणसाच्या पोटात गोळा आणतं. त्याऐवजी सुट्टीत जाऊन एकट्याला विचार, तो भरभरून बोलेल, आणि चालणार असेल तर "यांनी मला मघाशी एक छान गोष्ट सांगितली" असं म्हणून तू ती मांड. फोटोंचंही तसंच, कुणाला फोटोत यायचं नसेल तर बिल्ल्यावर एक रंगीत ठिपका लावू दे.

मेळावा संपला की काम संपत नाही. आठवड्याच्या आत भिंतीवरच्या अडचणी आणि त्यांची उत्तरं टाइप करून सगळ्यांना पाठव, ज्याचं उत्तर त्याचं नाव, अर्थात त्यांची हरकत नसेल तर. ज्या अडचणीला उत्तरच मिळालं नाही ती तशीच लिही, ती पुढच्या वर्षीच्या वक्त्यासाठी ठेव. फीडबॅक फॉर्मवर "कार्यक्रम कसा वाटला" हे विचारणं बंद कर, छान, उत्तम यापलीकडे त्यात काही येत नाही. त्याऐवजी विचार, "आज नवीन ओळख कुणाशी झाली?", "तुम्ही सांगितलेलं किंवा लिहिलेलं कुणाच्या उपयोगी पडलं का?" आणि "कुठल्या वेळी उठून जावंसं वाटलं?" हा तिसरा प्रश्न विचारायला धीर लागतो, पण पुढचा कार्यक्रम सुधारायला तोच सगळ्यात जास्त कामाला येईल. आणि ती फॉर्मवाली बाई कोण ते माहीत असेल तर तिला आत्ताच फोन कर, तुझं वाक्य वाचून आम्ही कार्यक्रम बदलतोय, नियोजनाच्या एका बैठकीला येशील का, असं विचार. नाही म्हणाली तरी चालेल.

हे सगळं एका वर्षात होणार नाही, आणि करूही नकोस, तुम्ही पाचसहा जणी दमून जाल. यंदा तीनच गोष्टी घे, नोंदणीतले दोन प्रश्न आणि त्यांची भिंत, दरवाज्याशी दोन मोकळी माणसं, आणि "काही प्रश्न?" ऐवजी लिहा-बोला-विचारा. दुपारची टेबलं जमली तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी. तीन वक्त्यांच्या ऐवजी दोनच बोलावलेस तर हा सगळा वेळ निघतो, तिसऱ्यांना आत्ताच कळव, उशिरा कळवलं तर वाईट दिसेल. आणि हॉलवाल्यांना फोन करून खुर्च्या हलवता येतात की जमिनीला ठोकलेल्या आहेत ते आधी विचार, ठोकलेल्या असतील तर हॉल बदलायला अजून वेळ आहे.